निबंधातली दुरुस्ती

सहावीत असताना अजिंक्यताऱ्यावर मी
वीसपैकी अठरा मार्कांचा निबंध लिहिला.
घोलपबाईंनी तो वर्गात वाचून दाखवला.
कुणालाच आठवलं नाही
की सहलीच्या दिवशी मी खालीच होते,
पायथ्याच्या चिंचेखाली,
एकेचाळीस डबे आणि बाईंची छत्री राखत.

वर काय काय आहे ते
ज्यानं त्यानं उतरल्यावर मला सांगितलं होतं.
मंगळाईचं देऊळ दिलं शमा मुजावरनं,
तळ्यातलं हिरवं पाणी कुंदा भोईटेनं,
वारा सगळ्यांनीच थोडा थोडा.
आणि पोपट शेडगे म्हणाला, वरनं समुद्र दिसतो.
मी समुद्रही लिहिला.
नेमक्या त्याच वाक्यापाशी
बाईंनी लाल शाईनं 'छान' लिहिलं.

आता सेहेचाळीस पूर्ण.
पतसंस्थेत आवर्त ठेवीचं काउंटर माझ्याकडं.
थोडं थोडं भरत गेलं की काय होतं
हे मी लोकांना रोज समजावून सांगते.
जानेवारीतल्या एका रविवारी
स्वतःच्याच नावानं खातं उघडलं.

पहिला हप्ता: अदालतवाड्याकडनं निघालं की
चढावरचा दुसरा विजेचा खांब.
दुसरा हप्ता: तोच खांब. पट्ट्याखाली फोड आला होता.
तिसऱ्या रविवारी ना ताप ना फोड,
नुसतं नको वाटलं.
तेही लिहून ठेवलंय.

मिरजेचं कॅलिपर, गुडघ्याला कुलूप,
आतून आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी.
चढ लागला की ते बोलायला लागतं:
खट्,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग खट्.
निवृत्त फौजदार जगदाळे
माझ्या एका वळणात दोनदा वर जाऊन येतात
आणि दोन्ही वेळा म्हणतात, "चालू द्या."
मी म्हणते, "चालूच आहे."

"अहो, गाडी जाते की दरवाजापर्यंत!"
पेठेतल्या प्रत्येकानं सांगून झालंय,
भावानं तर किल्ली हातात घेऊन.
जाते. माहीत आहे.
पण दुसऱ्याच्या पायांनी
मी एकदा जाऊन आलेय वर.
त्याचे अठरा मार्क मिळालेत.

मिरजेच्या त्या शिकाऊ पोरीनं शिकवलं होतं:
वर जाताना शहाणा पाय पुढं,
खाली येताना वेडा.
चढायला लागतो तो दम, आणि दम परत येतो.
उतरताना मात्र सगळं अंग
त्या लोखंडावर उभं राहतं
आणि विचारतं, धरशील ना?
मी माघारी वळले की लोकांना वाटतं, झालं.
माझा गड तिथनं सुरू होतो.

नऊ महिने. तिसरं वळण.
इथं कठड्याचा एक दगड
माझ्या बसण्याच्या उंचीचा आहे.
असे दगड फार नसतात, मी बघत आलेय.
डावीकडं यवतेश्वर अजून अर्धा झोपलेला,
खाली शाळेवर कौलांऐवजी निळा पत्रा.
'घरं खेळण्यातली वाटतात' असं लिहिलं होतं.
नाही वाटत.
घरांसारखीच दिसतात घरं,
फक्त कोण कुठं राहतं ते ओळखायला वेळ लागतो.
'वारा कानात गुणगुणतो' हेही चूक.
घाम वाळला की मगच कळतो वारा,
आणि त्याला खालच्या एसटीच्या धुराचा वास असतो.

वही आईनं ट्रंकेत ठेवली होती.
दर रविवारी घरी आले की
पाय मोकळा करते, फोड बघते,
आणि लाल पेनानं एखादी ओळ खोडते.

समुद्राची ओळ अजून तशीच आहे.
चौथं वळण राहिलंय, पाचवं, मग दरवाजा.
समुद्र नसणार हे मलाही कळतं,
भूगोलात मी कधी नापास नव्हते.
पण बघितल्याशिवाय खोडायचं नाही.